शिरोरेषा आणि काना : नाण्यांच्या छायाचित्रणाची प्रस्तावना

मराठी संग्राहकाच्या पेटीतलं सगळ्यात ओळखीचं नाणं म्हणजे शिवराई. तांब्याची, बाराएक ग्रॅम वजनाची, जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाची. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ती पाडली जाऊ लागली, पेशवाईतही निघत राहिली आणि इंग्रजी अमलात बाजारहाटात बराच काळ चालली. इतक्या हातांतून गेल्यामुळे आज मिळणाऱ्या बहुतेक शिवराया झिजलेल्या असतात. अक्षरं बोटाला लागतात, पण डोळ्याला चटकन सापडत नाहीत.

अशी एखादी झिजलेली शिवराई टेबलावर ठेवून खोली अंधारी करावी आणि टॉर्च टेबलाशी जवळजवळ समांतर धरून प्रकाश टाकावा. प्रकाश डावीकडून आला तर ‘राजा’ मधले काने उठून दिसतात आणि शिरोरेषा नाहीशी होते. तोच प्रकाश अक्षरांच्या माथ्याकडून सोडला तर शिरोरेषा लख्ख होते आणि काने विरघळतात. कारण सोपं आहे. उंचवट्याची जी कड प्रकाशाला आडवी येते तिची एक बाजू उजळते, दुसरीवर सावली पडते आणि रेघ दिसते. जी कड प्रकाशाच्याच दिशेने धावते तिला ना उजेड वेगळा मिळतो ना सावली. मग ती भोवतालच्या तांब्यात मिसळून जाते.

देवनागरीपुरतं सांगायचं तर हा प्रकार फार महागात पडतो. शिवरायांवर ‘शिव’ हा शब्द एकाच तऱ्हेने कोरलेला नाही. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ अशी निरनिराळी रूपं सापडतात आणि अभ्यासक त्यांवरून ठशांची वर्गवारी करतात. ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीत वरचा बाक सारखाच, फरक एवढाच की उभा दंड अक्षराच्या आधी आहे की नंतर. माथ्याकडून आलेला प्रकाश नेमका तो उभा दंडच खाऊन टाकतो. छायाचित्र सुबक आलेलं असतं, तांब्याचा रंग छान उतरलेला असतो आणि नाणं कोणत्या प्रकारचं हे मात्र त्यावरून ठरवता येत नाही. शिवराईसाठी प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, घड्याळातल्या दहा-साडेदहाच्या दिशेने यावा असं या पुस्तकात वारंवार म्हटलं आहे ते यासाठी. तिरप्या दिशेने आलेला प्रकाश आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघांना थोडी थोडी सावली देतो. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत, पण दोन्ही वाचता येतात.

सगळ्या पुस्तकाचा मुद्दा याच तडजोडीभोवती फिरतो. नाण्याचा तपशील आणि नाण्याचा रंग यांना लागणारा प्रकाश एक नाही. तपशिलाला सावली हवी, म्हणून एका बाजूने येणारा, खालचा, टोकदार प्रकाश हवा. धातूच्या रंगाला आणि झळाळीला समोरून परतणारा, पसरट प्रकाश हवा. एक वाढवला की दुसरं उणं होतं. तेव्हा नाण्याचं ‘खरं’ छायाचित्र कसं काढावं असा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्याने आधी उलट विचारावं : कशासाठी?

पूर्वीच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ दिलं होतं. जेम्स प्रिन्सेप कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूची परख करणारा अधिकारी होता. १८३० च्या दशकात तो नाणी हाताने रेखाटून छापत असे, आणि ब्राह्मी लिपीचा उलगडा करताना त्याला ही नाणी उपयोगी पडली. रेखाटनात रेघ मिळते, पण डोळ्याला जे उमगलं तेवढंच हाताने उतरतं. न समजलेलं अक्षर चितारताना कितीही प्रामाणिक माणूस त्याला नकळत ओळखीचं वळण देतो. छायाचित्रण आल्यावर हा दोष जायला हवा होता, पण दुसरी अडचण उभी राहिली. एकाच पानावर चकचकीत सोनं, काळवंडलेली चांदी आणि हिरवट तांबं असली की काळ्या-पांढऱ्या चित्रात सगळा गोंधळ होई. डाग अक्षरासारखा दिसे, अक्षर डागासारखं. म्हणून मोठ्या संग्रहालयांनी नाण्याचं छायाचित्र घेणंच टाळलं. त्यांनी नाण्यांचे प्लास्टरमध्ये साचे घेऊन त्या पांढऱ्या, निस्तेज प्रतींची छायाचित्रं घेतली. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरची रॅप्सनची १९०८ ची सूची आजही हाताशी लागते. तिच्यातल्या चित्रपत्रांकडे पाहिलं की नाण्यांचा उठाव मन लावून वाचता येतो, पण कोणतं नाणं शिशाचं आणि कोणतं चांदीचं ते डोळ्याला कळत नाही, मजकुरात शोधावं लागतं. रंग त्यांनी जाणूनबुजून सोडून दिला होता.

आता रंग सोडायची गरज उरलेली नाही. उलट रंगाचीच हाव वाढली आहे. लिलावांच्या सूचीत पानभर मोठं, इंद्रधनुषी छटांचं चांदीचं नाणं छापलं जातं आणि बोली त्या छटांवर लागते. त्या छटा असतात कशाच्या, हे कळल्याशिवाय त्यांचं छायाचित्र नीट घेता येत नाही, आणि दुसऱ्याने घेतलेलं पारखताही येत नाही. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

चांदीला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. घासून लखलखीत केलेली चांदी समोर असेल ते परत पाठवते. चांदीच्या रुपयाचं छायाचित्र म्हणजे निम्म्याहून अधिक त्या खोलीचं छायाचित्र : छत, भिंतीचा पिवळा रंग, छायाचित्रकाराचा शर्ट. नाण्यावर गुलाबी झाक आली तर आधी आपल्या अंगावरचे कपडे पाहावेत. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचं पुट चढत जातं. ते केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतं तोवर काळं दिसत नाही. पुटाच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या चांदीवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही वाढवतात. जाडी वाढत जाते तसा आधी पिवळसर, मग तांबूस-जांभळा, मग निळा असा क्रम दिसतो. पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या थेंबात दिसणारे रंग याच जातीचे. महत्त्वाची गोष्ट अशी की हे रंग परावर्तनाच्या वाटेवरच दिसतात. नाणं हातात घेऊन जरा कललं की निळं चमकतं, सरळ केलं की करडं. बाजूच्या तिरप्या प्रकाशात लेन्सकडे त्या वाटेने काहीच येत नाही, म्हणून अक्षरं छान दिसणाऱ्या चित्रात रंगीत चांदी मळकट तपकिरी येते. विकणारा म्हणतो निळी आहे, घेणारा म्हणतो काळी आहे, आणि दोघंही आपापल्या चित्रापुरते खरे असतात.

ती वाट पकडायची एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. कॅमेरा वरून सरळ खाली रोखलेला ठेवायचा. लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये पातळ, स्वच्छ साध्या काचेचा तुकडा पंचेचाळीस अंशांत कलता धरायचा. दिवा बाजूला, काचेच्या उंचीवर. दिव्याचा थोडा प्रकाश काचेवरून वळून सरळ नाण्यावर उतरतो, नाण्यावरून सरळ वर परततो आणि काचेतून पार होऊन लेन्समध्ये शिरतो. काचेपलीकडे काळं कापड लावलं नाही तर समोरच्या भिंतीचं भूत चित्रात येतं. दिव्याचा थेट उजेड नाण्यावर पडू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याचा आडोसाही लागतो. प्रकाशाचा बराच भाग वाया जातो, त्यामुळे उघडझाप लांबवावी लागते. एवढं केलं की चांदीवरचे रंग असे उघडतात की पहिल्यांदा पाहणारा हबकतो. मात्र अक्षरांचा उठाव सपाट होतो. सपाट भाग उजळ आणि अक्षरांच्या उतरत्या कडा काळ्या अशी ती एक वेगळीच लिपी असते, आणि झिजलेल्या नाण्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या प्रकाशाचं फळ मिळतं ते न झिजलेल्या, आरशासारखी भुई असलेल्या नाण्यांना.

टाकसाळीतून नव्याने निघालेल्या रुपयाची झळाळी हा आणखी वेगळा प्रकार. यंत्राचा दाब बसताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म चिरा नाण्याच्या भुईवर राहतात. नाणं हलवलं की त्यांवरून प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. स्थिर चित्रात ते फिरणं येणार नाही, पण पट्टा तरी यावा. त्यासाठी प्रकाश अगदी पसरट करून चालत नाही. नाण्याभोवती पूर्ण पांढरा तंबू उभारला की पट्टा मरतो आणि नवंकोरं नाणं ॲल्युमिनियमचं वाटू लागतं. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या प्रकाशपेट्यांबद्दल माझं मत चांगलं नाही ते यामुळे. त्या दागिन्यांसाठी ठीक आहेत.

सोन्याचं गणित निराळं. सोनं निळा प्रकाश गिळतं आणि उरलेला परत पाठवतं, म्हणून त्याचा पिवळेपणा त्याच्या परावर्तनातच असतो. परावर्तन नसेल तर पिवळेपणाही नाही. काळ्या मखमलीवर, अंधाऱ्या खोलीत, एकाच टोकदार दिव्याखाली घेतलेलं सोनं तपकिरी-काळं येतं आणि मधेमधे पांढरे फटके. त्याच्याभोवती थोडा पांढरा कागद उभा केला की कागदाचा उजेड परत पाठवून ते सोनं होतं. शिवाजी महाराजांचा होन तेरा मिलिमीटरच्या आसपास आणि वजनाला पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास. एवढ्या जागेत तोच मजकूर आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. कागद किती अंशांत उभा केला आणि कोणती बाजू मोकळी ठेवली यावर त्या ठिपक्यांचं दिसणं न दिसणं अवलंबून असतं. त्यात कॅमेऱ्याची एक खोड अशी की सोनं आणि तांबं या दोन्हींत लाल वाहिनी सगळ्यांत आधी भरून वाहते. एकूण चित्र काळोखं वाटत असतानाही लाल रंगातला तपशील गेलेला असतो. पडद्यावरच्या आलेखात तिन्ही वाहिन्या वेगवेगळ्या पाहायची सवय लागली की हे टळतं.

तांब्यावर सगळ्यात जास्त अन्याय दिवे करतात. आजचे एलईडी दिवे विकताना खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा छापतात, ९० किंवा ९५. रंग किती खरे दिसतील त्याचं हे माप. पण हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असते. गडद लाल हा नववा नमुना, आर-नऊ, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे आकडा ९० असूनही दिवा लाल रंगाच्या बाबतीत दरिद्री असू शकतो, आणि शिवराईवरचा सगळा रंग, ताज्या विटकरीपासून काळपट चॉकलेटीपर्यंत, याच लालाच्या घरातला. दिवा घेताना आर-नऊ विचारावा. दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान पाहावं. त्यानंतर कॅमेऱ्याची स्वयंचलित पांढऱ्याची निवड बंद करावी, कारण चौकटभर तांबं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवाच लाल आहे, आणि तो समजूतदारपणे चित्र निळसर करून टाकतो. नाण्याच्या जागी, नाण्याच्याच उंचीवर करडं पत्र ठेवून पांढरा ठरवून घ्यावा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र चालू असतील तर मात्र कोणतंच पत्र कामाचं नाही. नाण्याची अर्धी बाजू एका रंगाची, अर्धी दुसऱ्या.

दिवेच नको असतील त्यांना उत्तरेकडची खिडकी पुरते. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी तिचा उजेड इतका मऊ असतो की रंग सुंदर येतात आणि उठाव झोपतो. तेव्हा खिडकीच्या समोरच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला तर थोडी सावली परत येते. ऊन सरळ आत येणारी खिडकी टाळावी.

कॅमेरा, स्टँड, लेन्स यांची चर्चा पुस्तकात सविस्तर आहे आणि इथे ती पुन्हा करत नाही. दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं की बाकी सगळं फुकट. सेन्सर आणि नाणं समांतर हवेत. पाणसळ ठेवण्यापेक्षा नाण्याच्या जागी लहानसा आरसा ठेवून कॅमेऱ्यातून पाहावं : लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध आलं की जमलं. दुसरी गोष्ट छिद्राची. सगळं नाणं स्पष्ट यावं म्हणून माणसं एफ/१६, एफ/२२ लावतात. पण नाणं सेन्सरवर जवळजवळ मूळ आकाराचं उमटतं तेव्हा एफ/८ चं छिद्र प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं आणि एफ/१६ चं एफ/३२ सारखं. तेवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश कडांवर फाकतो आणि सगळंच किंचित धूसर होतं. एफ/८ च्या अलीकडेपलीकडे राहावं, आणि उठाव जास्त असेल तर वेगवेगळ्या अंतरांवर नजर बसवून चार-सहा चित्रं घेऊन ती संगणकावर एकत्र करावीत.

इतकी बारीक नजर कशाला, असं कोणी विचारलं तर १९११ चा रुपया दाखवावा. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत एक इवलासा हत्ती आहे. त्या वर्षीच्या ठशात त्याची सोंड अशी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ च्या ठशात हत्तीला नीट सोंड मिळाली. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुपया चौकट भरून घेतला तर एका मिलिमीटरला शंभराहून अधिक बिंदू येतात. सोंड दाखवायला ते पुरेसे आहेत, फक्त प्रकाश योग्य बाजूने हवा. मोबाइलमध्येही बिंदू कमी नसतात. तिथली अडचण दुसरी आहे : मोबाइल चित्र घेतल्यावर ते आपल्या मनाने रेखीव करतो. कडेला खोटी पांढरी रेघ ओढतो, सावल्या उजळतो, झिजेचं सौम्य उतरणं धारदार करतो. हत्ती आहे की डुक्कर हे ठरवायचं असताना अशी मदत नको असते. मोबाइलच वापरायचा असेल तर तो नाण्याला चिकटवू नये. थोडं दूर राहून जास्त मोठेपणा देणारी लेन्स निवडावी, मोबाइलची सावली नाण्यावर पडू देऊ नये आणि न शिजवलेली मूळ फाइल साठवण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

आता त्या नाण्यांकडे येतो ज्यांना एक चित्र पुरतच नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला, तेरा हजारांवर नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, पण त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. दोनेक ग्रॅमच्या चकतीवर आधी नहपानाचा मुखवटा, भोवती बिघडलेल्या ग्रीक अक्षरांतला मजकूर, मागे बाण आणि वज्र. त्यावर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनचं म्हणतात ते चिन्ह. वरचा ठसा ताजा आणि खोल, खालचा दबलेला. सर्वसाधारण प्रकाशात गौतमीपुत्राचा डोंगर दिसतो आणि नहपान हरतो, इतिहासात हरला तसाच. दिवा हळूहळू खाली आणत नाण्याभोवती फिरवत नेला की कुठल्याशा एका दिशेला डोंगराच्या पायथ्यातून नाक वर येतं, मग जिवणी, मग एखाद-दुसरं अक्षर. ती दिशा प्रत्येक नाण्याला वेगळी, कारण दुसरा ठसा प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात बसलेला. अशा नाण्याची किमान दोन चित्रं हवीत, एक वरच्या राजाचं आणि एक खालच्याचं, आणि नाणं न हलवता घेतलेली हवीत, म्हणजे एकावर एक ठेवून पाहता येतात.

याच कल्पनेचं पुढचं पाऊल २००१ साली एचपी लॅब्जमधल्या टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलं. कॅमेरा आणि वस्तू स्थिर ठेवून दिवा डझनावारी दिशांनी फिरवायचा, प्रत्येक दिशेचं चित्र घ्यायचं. चौकटीत एक चकचकीत काळी गोळी ठेवली की तिच्यावरच्या ठिपक्यावरून प्रत्येक वेळी दिवा कुठे होता ते कळतं. संगणक ही सगळी चित्रं एकत्र बांधतो आणि मग पाहणारा स्वतःच पडद्यावर दिवा फिरवतो. संग्रहालयांना आता हे तंत्र परिचित आहे. घरच्या टेबलावरही ते जमतं, वेळ मात्र बराच जातो, आणि सगळ्या नाण्यांना त्याची गरजही नाही. पुनर्मुद्रित नाणी आणि अगदी गुळगुळीत झालेल्या शिवराया यांच्यासाठी ते राखून ठेवावं.

प्रकाशाची दिशा चुकली की नुसतं कमी दिसत नाही, उलटंही दिसतं. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. आहत नाण्यांवर सूर्य, षडर, वृषभ अशी चिन्हं ठोकून आत दाबलेली असतात. प्रकाश चित्राच्या खालच्या बाजूने आला तर ती खोलगट चिन्हं फुगीर दिसू लागतात आणि एकावर एक पडलेल्या ठोक्यांत आधीचा कुठला, नंतरचा कुठला याचा उलगडा चुकतो. अंकुशी रुपयांवर सराफांनी परख करताना मारलेल्या बारीक खुणाही अशाच फसवतात. त्या खोल असतात, फार्सी अक्षरं उठावाची असतात. प्रकाश खालून आला की खूण अक्षराचा भाग होऊन बसते. प्रकाश वरूनच ठेवावा आणि सगळ्या संग्रहाला एकच दिशा ठेवावी. ठसे जुळवणारा अभ्यासक दोन चित्रं शेजारी ठेवून एकाच ठशातून निघालेली नाणी ओळखू पाहतो. एकाचा प्रकाश डावीकडून आणि दुसऱ्याचा उजवीकडून असेल तर एकाच ठशाची भावंडं त्याला परकी वाटतात.

छायाचित्रापूर्वी नाणं स्वच्छ करावं का, हा प्रश्न हमखास येतो. करू नये. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, भांडी घासायची पूड यांनी देवघरातली तांब्याची भांडी उजळतात आणि नाणी मरतात. तांब्यावरचा गर्द थर हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो आणि अक्षरांच्या कडांना त्याचाच आधार असतो. तो काढला की खाली गुलाबी, खड्डे पडलेलं तांबं उरतं, किंमत जाते ती जातेच. धूळ फुंकणीने उडवावी, एवढंच. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो क्लोराइडचा आजार आहे. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर बळावतो. असं नाणं वेगळं, कोरड्या जागी ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं. सातवाहनांची शिशाची नाणी मऊ असतात, त्यांवर पांढुरकं पुट असतं आणि ती लाकडी खणांतल्या आम्लाच्या वाफांनीही खंगतात. त्यांना छायाचित्रासाठी सगळ्यांत कमी खटपट लागते, झळाळीच नसल्याने, पण हाताळून झाल्यावर हात धुवावेत. नाणं नेहमी कडेला धरावं, खाली मऊ कापड असावं.

कडेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कडेचं छायाचित्र जवळपास कोणी घेत नाही. ओतीव खोट्या नाण्याची दोन अर्ध्यांची सांधरेघ, किंवा ती घासून लपवल्याच्या खुणा, तिथेच सापडतात. होनाच्या नकला बाजारात उदंड आहेत आणि विकायला येणाऱ्या होनांची चित्रं बहुतेकदा दोनच बाजूंची असतात. तिसरं चित्र मागावं. तसंच, पार्श्वभूमी काढून टाकताना संगणकावर नाण्याची कड गोल कापून घेणाऱ्यांपासून सावध राहावं. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर सगळा मजकूर क्वचितच बसतो आणि चकतीचा वेडावाकडा आकार ही तिची ओळख असते. नाणं एखाद्या बारीक नळीच्या तुकड्यावर उचलून ठेवलं तर खालचा कागद धूसर होतो, सावली चित्राबाहेर जाते आणि कापाकापीची वेळच येत नाही.

चित्रात नंतर किती हात घालावा यावर माझं मत जुनाट आहे. करड्या पत्राप्रमाणे रंग बसवणं आणि उजेड सारखा करणं योग्य. नुसत्या निळ्यापुरती रंगांची तीव्रता वाढवणं, ओरखडे पुसणं, झिजेवर धार चढवणं अयोग्य, मग ते विक्रीसाठी असो की ग्रंथासाठी. विक्रेत्याने दोन चित्रं द्यावीत, एक सरळ परतणाऱ्या प्रकाशातलं रंगाचं आणि एक तिरप्या प्रकाशातलं उठावाचं, आणि कोणतं कोणतं ते लिहावं. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतील.

संग्रहापलीकडेही या कामाला एक बाजू आहे. नांगराच्या फाळाला, घराच्या पायात अजूनही नाणी सापडतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. पण कळवण्याआधी आणि नंतरही ठेवे फुटतात, वाटले जातात, काही मुशीत जातात. मिळाल्या अवस्थेत, न घासता, शेजारी मोजपट्टी ठेवून, भांड्यासकट घेतलेली चार साधी चित्रं त्या ठेव्याचा उरणारा एकमेव पुरावा ठरू शकतात. त्या वेळी काच, करडं पत्र, स्टँड यांतलं काहीही जवळ नसेल. उजेडाकडे पाठ न करता, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात, नाण्याच्या दोन्ही बाजू त्याच क्रमाने घेतल्या तरी पुष्कळ झालं.

शेवटी या पुस्तकातल्या चित्रांविषयी. छपाईच्या चार शाईंत सोन्याची झळाळी बसत नाही आणि रंगीत चांदीचा गर्द निळाही पुरता उतरत नाही, हे धरूनच ती छापली आहेत. सगळी नाणी मोठी करून छापली असल्यामुळे होन रुपयाएवढा दिसेल. म्हणून प्रत्येक नाण्याची मूळ आकाराची लहान आकृती शेजारी दिली आहे आणि खाली धातू, वजन, व्यास नोंदला आहे. त्याच ओळीत बाण काढून प्रकाश कोणत्या दिशेने होता ते दाखवलं आहे. काचेवरून वळवलेला प्रकाश असेल तिथे बाणाऐवजी वर्तुळ आहे. जिथे एकाच नाण्याची दोन चित्रं आहेत तिथे नाणं जागेवरच ठेवून नुसता दिवा बदलला आहे.